शिक्का उठला, पण कागद कुठे आहे? अमेरिकेचे गुप्त दस्तऐवज शोधणाऱ्या नवख्यांसाठी

मार्च २०२५ मध्ये केनेडी हत्येच्या फायली खुल्या झाल्याची बातमी आली, त्या रात्री एका इतिहासवेड्या मित्राचा फोन आला. "झालं ना सगळं उघड? आता गोव्याचं काय ते बघून सांग. डिसेंबर १९६१ मध्ये केनेडी आपल्या बाजूनं होते की पोर्तुगालच्या?" त्याची समजूत अशी, की अध्यक्षांनी सही केली म्हणजे केनेडींच्या नावाचं अख्खं कपाटच उघडलं. त्या फायली हत्येच्या तपासाच्या. गोवामुक्ती तिथे शोधणं म्हणजे पोलीस ठाण्यात जाऊन सातबारा मागण्यासारखं. आणि गंमत म्हणजे गोव्याबद्दलचे केनेडींच्या काळातले बरेच कागद त्याआधी कित्येक वर्षं खुले होते. घरबसल्या, फुकट.

हा लेख त्या मित्रासारख्यांसाठी आहे. पदवीचा प्रबंध लिहिणारे, गावाचा इतिहास गोळा करणारे, पत्रकार, किंवा नुसतीच खाज असलेले. वकिलाची गरज नाही. इंग्रजी वाचता यायला हवं आणि चिकाटी हवी. चिकाटी जरा जास्तच.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा: शिक्का, ताबा, प्रत

कागदावर "टॉप सीक्रेट", "सीक्रेट" किंवा "कॉन्फिडेन्शियल" असा शिक्का मारायची अमेरिकेतली पद्धत मुख्यतः अध्यक्षांच्या आदेशातून आलेली आहे, तिथल्या संसदेच्या कायद्यातून नव्हे. १९४० मध्ये रूझवेल्ट यांनी असा पहिला आदेश काढला. पुढच्या अनेक अध्यक्षांनी आपापले काढले. आज चालतो तो ओबामांनी २९ डिसेंबर २००९ रोजी सही केलेला, क्रमांक १३५२६. ज्यानं नियम केला तो मोडूही शकतो, म्हणून शिक्का उठवायचा सर्वांत मोठा अधिकारही अध्यक्षांचाच. १९८८ मध्ये नौदलाच्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की हा अधिकार मुळात राज्यघटनेनं अध्यक्षाला दिलेल्या सरसेनापतिपदातून येतो. याला अपवाद आहेत. अण्वस्त्रांच्या रचनेसारखी माहिती १९५४ च्या अणुऊर्जा कायद्याखाली जन्मतःच गुप्त मानली जाते आणि ती खुली करायची वाट त्या कायद्यानंच आखून दिली आहे.

इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. घोटाळा पुढे होतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये ट्रम्प यांनी ट्वीट केलं, की २०१६ च्या निवडणुकीतल्या रशिया प्रकरणाच्या तपासाचे झाडून सगळे कागद खुले करायला मी पूर्ण मंजुरी दिली आहे. पत्रकार धावत न्यायालयात गेले: द्या मग. तेव्हा ट्रम्प यांचेच चीफ ऑफ स्टाफ मार्क मेडोज यांनी न्यायालयाला लेखी कळवलं, की अध्यक्षांच्या म्हणण्याप्रमाणे ती ट्वीट म्हणजे आपोआप लागू होणारा आदेश नव्हे, आणि त्यामुळे कुठलाही विशिष्ट कागद खुला करणं बंधनकारक होत नाही. त्याच वर्षी सीरियातल्या बंडखोरांविषयीच्या एका जुन्या ट्वीटवरून चाललेल्या दाव्यात न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयानंही तेच सांगितलं: ठरलेली कार्यपद्धती पाळल्याशिवाय शिक्का उठत नाही. २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या घरी सापडलेल्या कागदांवरून वाद पेटला तेव्हा ट्रम्प म्हणाले, की अध्यक्ष नुसतं मनात आणूनही गुप्तता उठवू शकतो. त्यावर अपील न्यायालयाचा सूर असा होता, की शिक्का उठला असं घटकाभर धरलं तरी कागदातला मजकूर बदलत नाही आणि तो कागद खासगीही होत नाही.

आपल्या कामाचं नेमकं इथेच आहे. शिक्का अध्यक्षांच्या हातात. ताबा कुणाचा, हे कायदा ठरवतो. १९७८ च्या प्रेसिडेन्शियल रेकॉर्ड्स अ‍ॅक्टनं २० जानेवारी १९८१ पासूनच्या अध्यक्षीय कागदांची मालकी सरकारकडे दिली आहे. आणि प्रत तुमच्या हातात पडणं ही तिसरीच गोष्ट. शिक्का कधी नव्हताच अशा कागदातसुद्धा कुणाची वैद्यकीय माहिती असेल, एखाद्या वेगळ्या कायद्यानं मनाई असेल, तर तो झाकला जातो. ही चाळणी लावताना घाई झाली की काय होतं, ते २०२५ च्या त्या केनेडी फायलींनीच दाखवलं. त्यात हयात माणसांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक उघडेच राहून गेले होते.

याच्या उलटही होतं. २०१० मध्ये विकिलीक्सनं अमेरिकी दूतावासांच्या तारा, म्हणजे तिथून परराष्ट्र खात्याला जाणारे संदेश, जगभर पसरवल्या. त्यातल्या २३ तारा एका नागरी हक्क संघटनेनं रीतसर मागितल्या. परराष्ट्र खात्यानं ११ तारा काळ्या पट्ट्या मारून दिल्या आणि १२ दिल्याच नाहीत, आणि २०१२ मध्ये न्यायालयानं खात्याचीच बाजू उचलून धरली. जगानं वाचलेला कागद सरकारी दप्तरात अजून गुप्तच. त्यामुळे "हे तर नेटवर आहेच की" हा युक्तिवाद अर्जात लिहू नका.

पहिली पायरी: कागद कुणाच्या घरचा, ते ठरवा

माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्या खात्यात टाकला तर आपल्याकडचा जन माहिती अधिकारी तो पुढे पाठवतो, निदान पाठवायला हवा. अमेरिकेत त्या भरवशावर राहू नका. स्वतःला विचारा: हा कागद लिहिला कुणी आणि आज तो कुणाच्या कपाटात आहे?

खात्यांचे कागद, म्हणजे परराष्ट्र, संरक्षण, सीआयए, एफबीआय वगैरे, हे फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन अ‍ॅक्टखाली येतात. तिकडे त्याला "फोया" म्हणतात, आपणही तेच म्हणू. लिंडन जॉन्सन यांनी ४ जुलै १९६६ रोजी त्यावर सही केली. संसद आणि न्यायालयं यांना तो लागू नाही. अध्यक्ष आणि त्यांचे अगदी जवळचे सल्लागार यांनाही नाही. ही मेख लक्षात न घेतल्यानं नवखे फसतात. निक्सन यांचे सल्लागार आणि पुढे परराष्ट्रमंत्री झालेले किसिंजर यांनी आपल्या फोनवरच्या बोलण्याच्या टिपणांचे गठ्ठे लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकले होते. पत्रकार ते मागायला गेले, आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की खात्याच्या ताब्यातून गेलेला कागद परत आणायला फोया खात्याला भाग पाडू शकत नाही. ती टिपणं वाचायला मिळायला पुढे बरीच वर्षं गेली.

माजी अध्यक्षांचे कागद त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात असतात: केनेडींचे बोस्टनला, निक्सन यांचे कॅलिफोर्नियातल्या योर्बा लिंडाला. इथे १९८१ ही रेघ पक्की आखून घ्या. रेगन यांच्यापासून पुढचे कागद कार्यकाळ संपल्यावर ५ वर्षांनी फोयाखाली मागता येतात, आणि काही प्रकारांवर अध्यक्ष १२ वर्षांपर्यंत बंधन घालू शकतात. ओबामांचे कागद म्हणून जानेवारी २०२२ पासून मागता येऊ लागले. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीचे जानेवारी २०२६ पासून. केनेडी, जॉन्सन यांचे कागद मात्र देणगी म्हणून आलेले. त्यांना फोया लागू नाही, त्यांची वाट वेगळी. ती पुढे येते.

दुसरी पायरी: मागण्याआधी वाचा

ही पायरी सगळेच गाळतात. मीही गाळली होती. पहिला अर्ज मी एका खात्याला लिहिला तो असा: "गोव्यासंबंधीचे सर्व कागद." उत्तर सभ्य होतं. कागदाचं पुरेसं वर्णन नाही, शोध घेता येत नाही, कृपया स्पष्ट करा. चूक माझीच होती. त्यानंतर जे वाचलं त्यात माझ्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आधीच छापलेली निघाली.

सुरुवात परराष्ट्र खात्याच्या "फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स" या ग्रंथमालेपासून करा. मूळ कागद निवडून, टिपा देऊन छापतात. कायद्यानं हे खंड घटनेनंतर ३० वर्षांच्या आत काढायचे असतात, आणि ती मुदत नेहमी हुकते, तो भाग वेगळा. सगळे खंड खात्याच्या इतिहास विभागाच्या संकेतस्थळावर आहेत. आपल्या कामाचे तीन: १९६१-६३ चा खंड १९, म्हणजे दक्षिण आशिया, १९६४-६८ चा खंड २५, आणि १९६९-७६ चा खंड ११, जो सबंध १९७१ च्या पेचप्रसंगावर आहे.

मित्राचा गोवा आपण पहिल्यातच शोधू. गल्ब्रेथ तेव्हा दिल्लीत राजदूत होते. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर अमेरिकेचा हवाई तळ होता आणि त्याचा करार १९६२ अखेर संपणार होता. म्हणजे केनेडींचा एक पाय दिल्लीत आणि एक लिस्बनमध्ये अडकलेला. १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे प्रतिनिधी स्टीव्हन्सन भारतावर तुटून पडले, ठराव ७ विरुद्ध ४ मतांनी पुढे सरकला, सोव्हिएत नकाराधिकारानं पडला, आणि दुसऱ्या दिवशी गोवा मोकळा झाला. हे सगळं आपण ऐकलेलं असतं. खंडात काय मिळतं, तर त्याच्या आगेमागच्या दिवसांत दिल्ली आणि वॉशिंग्टन यांच्यात काय लिहिलं जात होतं ते.

पण मजकुराइतकंच लक्ष पहिल्या तळटीपेकडे द्या. प्रत्येक कागदाखाली बारीक अक्षरात स्रोत असतो. त्याचा साचा साधारण असा: केनेडी लायब्ररी, नॅशनल सिक्युरिटी फाइल्स, कंट्रीज सिरीज, इंडिया, मग तारखांचा गट, आणि शेवटी एकच शब्द, "सीक्रेट". ही ओळ म्हणजे कपाटाचा पत्ता आहे. छापलेल्या कागदाच्या शेजारी त्याच फोल्डरमध्ये न छापलेले बाकीचे पडलेले असतात, आणि तुम्हाला हवे असतात ते तेच. तळटीप वहीत जशीच्या तशी, स्वल्पविरामासकट उतरवून घ्या. मजकुरात मध्येच चौकटी कंसात "इतक्या ओळी डीक्लासिफाय झालेल्या नाहीत" अशी नोंद भेटली, तर तीही लिहून ठेवा. कागद अमुक आहे आणि त्यातल्या नेमक्या दोन ओळी झाकल्यात, एवढं सरकारनंच तुम्हाला सांगितलेलं असतं. याहून चांगली टीप कोण देणार?

दुसरं ठिकाण अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं. त्यांच्या "अ‍ॅक्सेस टू अर्काइव्हल डेटाबेसेस" या विभागात परराष्ट्र खात्याच्या १९७३ ते १९७९ च्या तारा शोधता येतात. आणीबाणीचा पूर्ण काळ त्यात येतो. मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या तारेचा क्रमांक आधी वर्ष, मग "बॉम्बे", मग अनुक्रमांक असा असतो. तार उघडली की वरच्या भागात विषयाचे संकेत दिसतात. "पी-आय-एन-टी" म्हणजे देशांतर्गत राजकारण, "आय-एन" म्हणजे भारत. हे दोन संकेत आणि जून १९७५ पासूनच्या तारखा टाकून शोधा. त्यातल्या पुष्कळशा तारा आता पूर्ण खुल्या आहेत, पानाच्या तळाशी खात्याच्या फेरतपासणीचा शिक्का आणि तारीख असते. काहींचा मात्र मजकूर नसतो, फक्त नोंद असते. ती नोंदही उतरवा, अर्जाला लागते.

तिसरं सीआयएचं वाचनालय. त्यांचे २५ वर्षांहून जुने कागद आधी मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या अभिलेखागारात, फक्त तिथल्या चार संगणकांवर बघता यायचे. जानेवारी २०१७ मध्ये ते नेटवर आले, सुमारे १ कोटी २० लाख पानं. स्कॅन वाईट आहेत, अक्षरं यंत्रानं चुकीची वाचली आहेत, त्यामुळे एकाच शब्दावर विसंबू नका. शिवाय वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह ही खासगी संस्था आहे, १९८५ पासूनची. नावामुळे सरकारी वाटते, पण नाही. इतरांनी झगडून मिळवलेले कागद ते टिपांसह मांडतात. आणि आवाज ऐकायचा असेल तर निक्सन यांच्या टेप आहेत, फेब्रुवारी १९७१ ते जुलै १९७३ मधल्या, सुमारे ३,७०० तासांच्या. नोव्हेंबर १९७१ मध्ये इंदिरा गांधी व्हाइट हाउसमध्ये गेल्या होत्या, ते दिवस याच काळात येतात.

शोधताना स्पेलिंग जुनी वापरा. पुण्याचं "पूना", मुंबईचं "बॉम्बे", पणजीचं "पंजीम" आणि "पंगिम" दोन्ही. माणसांची नावं तर विचारूच नका. यशवंतराव चव्हाण मे १९६४ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून अमेरिकेत होते, त्यांचं आडनाव एका "ए" नं, दोन "ए" नं, "एन" गाळून, सगळ्या प्रकारे टाकून बघा. तारखा महिना आधी, दिवस नंतर अशा वाचायच्या. ५/६ म्हणजे सहा मे.

तिसरी पायरी: दोनपैकी एक वाट निवडा

शोधून झालं, हवा तो कागद खुला नाही. आता मागायचा.

फोयाची वाट कुणालाही मोकळी आहे. आपला माहिती अधिकार फक्त भारतीय नागरिकांना आहे, फोयात मात्र "कोणतीही व्यक्ती" अशी भाषा आहे. पुण्यात, म्हापशात किंवा दुबईत बसून अर्ज करता येतो. परदेशी सरकारांना आणि त्यांच्या प्रतिनिधींना गुप्तचर संस्था दारात उभं करत नाहीत, पण तुम्ही-आम्ही त्यात मोडत नाही. कारण सांगायची सक्ती नाही.

दुसरी वाट "मँडेटरी डीक्लासिफिकेशन रिव्ह्यू", म्हणजे सक्तीची फेरतपासणी. ही त्याच १३५२६ क्रमांकाच्या आदेशातून आलेली. इथे तुम्ही म्हणता: हा अमुक कागद, अमुक तारखेचा, शिक्का अजून गरजेचा आहे का ते ओळ न् ओळ तपासा. केनेडी, जॉन्सन यांच्या ग्रंथालयांतल्या गुप्त कागदांसाठी हीच वाट, कारण तिथे फोया चालत नाही.

निवडायचं कसं? कागद नेमका ठाऊक असेल, एक-दोनच असतील, अडचण फक्त गुप्ततेची असेल तर दुसरी वाट. विषय माहीत आहे पण कागद कुठले ते माहीत नाही, तर फोया. न्यायालयात जायची तयारी असेल तरी फोयाच, कारण दुसऱ्या वाटेच्या शेवटी न्यायालय नाही, एक समिती आहे. एकाच कागदासाठी दोन्ही वाटा एका वेळी धरता येत नाहीत.

नेमका कागद सापडायचा तर ग्रंथालयातलं एक पान ओळखायला शिका. खोक्यातून गुप्त कागद काढून घेतला की त्याच्या जागी एक तक्ता ठेवतात, "विथड्रॉवल शीट". कागदाचा प्रकार, कुणी कुणाला लिहिला, तारीख, किती पानं, आणि का काढला. फोल्डर चाळताना मधेच हे कोरडं पान येतं आणि बरेचजण ते उलटून पुढे जातात. ते उलटू नका. ती तुमच्या अर्जाची आयती यादी आहे.

चौथी पायरी: अर्ज

अर्ज इंग्रजीत जातो. फोयाचं केंद्रीय सरकारी पोर्टल आहे, पुष्कळ खात्यांची स्वतःचीही आहेत. साध्या पत्रानंही चालतं. समजा, तुम्हाला १९८२ च्या गिरणी संपाबद्दल अमेरिकी वाणिज्य दूतावास काय लिहीत होता ते हवंय. या तारा १९७९ नंतरच्या, म्हणजे त्या आयत्या संग्रहात नाहीत. मजकूर मराठीत मांडतो, इंग्रजीत तुम्ही करा:

"फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन अ‍ॅक्टनुसार मी पुढील कागदांच्या प्रती मागत आहे. मुंबईतील अमेरिकी वाणिज्य दूतावासाने १८ जानेवारी १९८२ ते ३१ डिसेंबर १९८२ या काळात परराष्ट्र खात्याला पाठवलेल्या, मुंबईतील कापड गिरणी कामगारांच्या संपाविषयीच्या तारा. शोधासाठी शब्द: टेक्स्टाइल स्ट्राइक, मिल वर्कर्स, दत्ता सामंत. कागद अभिलेखागाराकडे गेले असल्यास तसे कळवावे. काही भाग रोखल्यास उरलेला भाग द्यावा आणि रोखण्याचे कलम नमूद करावे. मी खासगी संशोधक आहे, व्यापारी हेतू नाही. २५ डॉलरपर्यंत शुल्क मान्य आहे, त्यापुढे आधी विचारावे. प्रती ईमेलने पाठवाव्यात."

एवढंच. इतिहासाचं महत्त्व सांगणारी दोन पानं जोडू नका, वाचणारा कारकून माणूस आहे. प्रत्येक वाक्य का आहे ते बघा. पाठवणारा, घेणारा, तारखा आणि विषय एवढं दिलं की शोध घेता येतो. "उरलेला भाग द्यावा" हे कायद्यातच आहे, पण आठवण दिलेली बरी. शुल्काचं म्हणाल, तर व्यापारी नसलेल्या साध्या अर्जदाराला शोधाचे पहिले दोन तास आणि पहिली १०० पानं फुकट असतात, त्यामुळे लहान अर्जाला बहुधा काहीच पडत नाही. आपल्याकडच्या दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसारखं आधी चिकटवायचंही काही नाही. मागणी व्यक्तीबद्दल असेल आणि ती हयात नसेल, तर मृत्यूची बातमी किंवा तसा पुरावा जोडा. सामंतांची १९९७ मध्ये हत्या झाली, ते बातमीच्या कात्रणानं दाखवता येतं. मग खासगीपणाचं कलम पुढे करणं त्यांना जड जातं.

पाचवी पायरी: वाट बघणं आणि उत्तर वाचणं

कायदा म्हणतो २० कामाचे दिवस, अडचण असेल तर आणखी १०. साधा अर्ज कधी त्या सुमारास सुटतोही. गुप्ततेचा प्रश्न आला की महिने जातात, वर्षंही जातात. एका खात्याच्या फायलीत दुसऱ्याचा कागद सापडला तर तो त्या दुसऱ्याकडे विचारायला जातो, मग तिथली रांग वेगळी. पोचपावतीवरचा क्रमांक जपून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एका ओळीत चौकशी करा. भांडू नका.

उत्तरात कागद आला की काळ्या किंवा पांढऱ्या चौकोनांकडे बघा. त्यांच्या शेजारी संकेत असतो. "बी-१" म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा, इथेच शिक्क्याचा प्रश्न. "बी-३" म्हणजे दुसऱ्या कायद्यानं मनाई. "बी-५" म्हणजे खात्यातली आपापसातली चर्चा, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर २५ वर्षांहून जुन्या कागदांना यातलं विचारविनिमयाचं कारण लावता येत नाही. ही चूक अजून होते, पकडा. "बी-६" म्हणजे खासगीपणा. आता परत सुरुवातीकडे या: अध्यक्षांनी शिक्का उठवला तर फक्त "बी-१" पडतो. बाकीचे जिथल्या तिथे.

जुन्या कागदांवर "२५-एक्स-१" असे संकेतही भेटतील. गुप्त कागद २५ वर्षांनी, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला आपोआप खुला व्हावा असा नियम आहे, पण त्याला नऊ पळवाटा आहेत. पहिली हेरांची नावं आणि हेरगिरीच्या पद्धतींची, सहावी परदेशांशी असलेल्या संबंधांची. भारत सरकारनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट अमेरिकेच्या फायलीत झाकलेली दिसते ती बऱ्याचदा या सहाव्यामुळे. आणि आपोआप खुला झाला म्हणजे नेटवर आला असंही नाही. कुणीतरी तो खोक्यातून काढून बघावा लागतो.

कधी उत्तर येतं: असे कागद आहेत की नाहीत, हेही आम्ही सांगू शकत नाही. याला "ग्लोमार" म्हणतात. १९७४ मध्ये सीआयएनं बुडालेली सोव्हिएत पाणबुडी उचलायला ग्लोमार एक्सप्लोरर नावाचं जहाज वापरलं, त्याबद्दल विचारल्यावर हे उत्तर पहिल्यांदा दिलं गेलं, म्हणून हे नाव. हुशारीचं आहे, मान्य करावं लागतं.

अपिलाआधी एक युक्ती. तोच कागद दुसरीकडे शोधा. तारेच्या प्रती चार ठिकाणी जात. एका ग्रंथालयानं एका वर्षी वरचा परिच्छेद झाकला, दुसऱ्यानं दुसऱ्या वर्षी खालचा. दोन्ही शेजारी ठेवल्या की अख्खी तार वाचता येते. हे मी स्वतः केलंय. त्या दुपारी मी अपिलाचा मसुदा फाडून टाकला.

सहावी पायरी: अपील

फोयाचं अपील त्याच खात्यात, नकारानंतर किमान ९० दिवसांची मुदत मिळते. मुद्देसूद लिहा: या पानावर हे कलम लावलंय, पण हाच मजकूर अमुक ग्रंथमालेच्या अमुक खंडात छापलाय, प्रत सोबत जोडली आहे. सरकारनंच अधिकृतपणे छापलेलं असेल तर वजन पडतं, फुटलेल्या कागदाला पडत नाही. अडलं तर ओजिस नावाचं मध्यस्थ कार्यालय आहे, फुकट. त्यापुढे न्यायालय.

सक्तीच्या फेरतपासणीत आधी खात्याकडे अपील, मग आंतरखाते अपील समिती. तिला "आयस्कॅप" म्हणतात, आणि तिच्याकडे ६० दिवसांत जावं लागतं. खात्यानं वर्षभर उत्तरच दिलं नाही तरीही तिच्याकडे जाता येतं.

मिळालेले कागद बिनधास्त छापा. अमेरिकी सरकारी नोकरानं कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुरावर तिथे कॉपीराइट नसतो. संदर्भ देताना ग्रंथालय, संग्रह, फोल्डर, तारीख आणि खुला झाल्याचं वर्ष लिहा. पुढच्याला तोच पत्ता लागेल.

आणि उत्तराचं पाकीट किंवा ईमेल उघडलं, की आधी काळे चौकोन मोजत बसू नका. पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात अपिलाची मुदत असते. ती आधी शोधा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनानं गोल करा, शेवटच्या दिवसाच्या पंधरा दिवस आधीच्या तारखेवर.